आयोडीनचं मीठ, शेंदेलोण, जाडं मीठ, केल्पच्या गोळ्या: थायरॉइडच्या कॅन्सरला घाबरून पुडी बदलावी का?

वाण्याकडे मिठाच्या फळीवर हल्ली पाच-सहा तऱ्हेच्या पुड्या दिसतात आणि त्यांतली सगळ्यात स्वस्त पुडीच सगळ्यात जास्त बदनाम झाली आहे. "आयोडीनचं मीठ बंद करा, त्यानेच थायरॉइडचा कॅन्सर वाढलाय" असा निरोप फोनवर येतो आणि बहुधा त्याच्याच शेपटाला गुलाबी मिठाची जाहिरात चिकटलेली असते. या परीक्षणात पुड्यांकडे फक्त आयोडीन आणि थायरॉइड एवढ्याच बाजूने पाहिलं आहे. चवीचा, रंगाचा आणि "८४ खनिजांचा" हिशोब इथे नाही.

आधी साधं, बारीक, आयोडीनयुक्त मीठ. किलोची पुडी तीस रुपयांच्या आसपास मिळते. पुडी उलटी करून तीन गोष्टी वाचा. पहिली, हसऱ्या सूर्याचं चिन्ह. दुसरी, घटकांमध्ये "पोटॅशियम आयोडेट"; मिठात आयोडीन याच रूपात घालतात. तिसरी, आयोडीनचं प्रमाण. दुकानात ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असलंच पाहिजे, असा नियम आहे. पीपीएम म्हणजे एक किलो मिठात इतके मिलिग्रॅम, किंवा एक ग्रॅम मिठात इतके मायक्रोग्रॅम. हे एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं गणित तोंडी सुटतं.

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना १२०, त्याहून लहानांना ९०, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. दिवसाला १० ग्रॅम मीठ पोटात जातं असं धरून १५ पीपीएमचा आकडा बसवलेला आहे: १० गुणिले १५, झाले १५०. डॉक्टर आता ५ ग्रॅमच मीठ खा म्हणतात, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. त्यात १५ पीपीएमने ७५ आणि ३० पीपीएमने १५० मायक्रोग्रॅम मिळतं. फोडणीत आणि उकळीत थोडं उडतं ते वेगळं.

आता उलटं मोजू. अमेरिकेत मोठ्या माणसासाठी रोजची वरची मर्यादा १,१०० मायक्रोग्रॅम मानतात, युरोपात त्याहून कडक, ६०० मायक्रोग्रॅम. ३० पीपीएमच्या मिठातून ६०० गाठायला रोज २० ग्रॅम आणि १,१०० गाठायला ३६ ग्रॅमच्या वर मीठ खावं लागेल. इतकं मीठ खाणाऱ्याचा रक्तदाब थायरॉइडच्या कितीतरी आधी हाताबाहेर जाईल. मिठाच्या पुडीतून आयोडीनचा अतिरेक होत नाही तो या साध्या कारणाने.

मग कॅन्सरचा संबंध आहे की नाही? आहे, पण निरोपात सांगतात त्याच्या बराचसा उलटा. आयोडीन कमी पडलं की थायरॉइडला संप्रेरक बनवता येत नाही. मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, वाढवून तिला सारखी टोचणी लावते. पेशी फुगतात, वाढतात, गाठी धरतात. गलगंड तो हाच. वर्षानुवर्षं पेशी अशा विभागत राहिल्या तर चुका व्हायला वाव मिळतो. थायरॉइडच्या कॅन्सरचे चार मुख्य प्रकार आहेत: पॅपिलरी, फॉलिक्युलर, मेड्युलरी आणि अॅनाप्लास्टिक. आयोडीन कमी असलेल्या भागांत फॉलिक्युलर आणि अॅनाप्लास्टिक यांचा वाटा जास्त आढळतो. त्यातला अॅनाप्लास्टिक हा माणसाच्या सर्वात घातक कॅन्सरांपैकी एक. मिठात आयोडीन आलं की हा वाटा घटतो आणि पॅपिलरीचा वाढतो. पॅपिलरी हळू वाढतो आणि बहुतेक रुग्ण त्यातून बरे होतात. मेड्युलरीचा उगम वेगळ्याच पेशींत असतो, त्याचा आयोडीनशी संबंध नाही.

"पॅपिलरी वाढतो" एवढंच वाक्य उचलून निरोप तयार होतो. वाटा वाढणं आणि धोका वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णसंख्या खरोखर वाढली आहे, भारतातही, आणि केरळमधल्या स्त्रियांमध्ये ठळकपणे. पण त्या वाढीचं मोठं कारण पुडीत नाही, सोनोग्राफीच्या यंत्रात आहे. दक्षिण कोरियाचा दाखला यासाठी सर्वात उघड. तिथे १९९९ पासून सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली आणि तिच्या जोडीला दवाखाने थोड्या जादा पैशांत मानेची सोनोग्राफी करून देऊ लागले. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचं निदान १५ पट झालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र जागच्या जागी राहिलं. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी ही तपासणी "थांबवा" असं जाहीरपणे म्हटल्यावर वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. खरी साथ अशी आवाहनाने ओसरत नाही.

म्हणून या ओघात एका सेवेचंही परीक्षण: "फुल बॉडी चेकअप"मध्ये जोडून मिळणारी थायरॉइडची सोनोग्राफी. काही त्रास नसेल तर ती घेऊ नका. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१७ मध्ये लक्षणं नसलेल्या प्रौढांची अशी तपासणी करू नये, अशीच शिफारस केली. रिपोर्टात गाठ आलीच तर आकार आणि टायरॅड्स श्रेणी, म्हणजे गाठ किती संशयास्पद दिसते त्याचा क्रमांक, वाचा. अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजच्या निकषांप्रमाणे सर्वात संशयास्पद, म्हणजे पाचव्या श्रेणीची गाठसुद्धा १ सेंटीमीटरच्या आत असेल तर पेशी तपासायला सहसा सुई घालत नाहीत. चौथ्या श्रेणीला दीड आणि तिसऱ्या श्रेणीला अडीच सेंटीमीटरची मर्यादा आहे. मानेत टणक आणि वाढत जाणारी गाठ, बसलेला आणि न सुटणारा आवाज, मानेच्या बाजूला अवधाण, लहानपणी मानेला किरणोपचार किंवा घरात मेड्युलरी कॅन्सर, यांतलं काही असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सोनोग्राफी हवीच.

पुढची पुडी शेंदेलोणाची, म्हणजे सैंधवाची. गुलाबी असेल तर त्याला "हिमालयन" म्हणतात. प्रत्यक्षात यातलं नावाजलेलं मीठ पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं. किंमत साध्या मिठाच्या कित्येक पट. आयोडीन नावालाच. एकादशीला, श्रावणी सोमवारी, नवरात्रात शेंदेलोण वापरलं म्हणून काहीही बिघडत नाही, कारण थायरॉइडमध्ये काही आठवड्यांची बेगमी असते. बिघडतं ते बारा महिने घरात दुसरं मीठच नसलं तर. विशेषतः शाकाहारी घर, दूध-दही बेताचं आणि सून गरोदर, अशा घरात हे मीठ चुकीचं आहे. बाळाच्या मेंदूला पहिल्या तीन महिन्यांत आईच्याच संप्रेरकाचा आधार असतो. तिथली उणीव नंतर कुठल्याही मिठाने भरून निघत नाही. काही कंपन्या शेंदेलोणातही आयोडीन घालून विकतात. पाठीमागे "आयोडाइज्ड" लिहिलेलं असेल तर ते चालेल. "नैसर्गिक आयोडीनयुक्त" असं लिहिलेलं असेल आणि आकडा नसेल तर ते शब्द सोडून द्या.

जाड्या मिठाबद्दल कोकणात आणि मुंबईच्या आजूबाजूला एक ठाम समज आहे: समुद्राचं मीठ, म्हणजे त्यात आयोडीन असणारच. गणित करून पाहा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ५० ते ६० मायक्रोग्रॅम आयोडीन आणि ३५ ग्रॅम क्षार असतात. समजा, सगळंच्या सगळं आयोडीन मिठात उतरलं, तरी ६० भागिले ३५, म्हणजे पावणेदोन पीपीएमसुद्धा भरत नाही. आणि ते सगळं उतरत नाहीच. मिठागरात मिठाचे खडे आधी धरतात आणि आयोडीन मागे उरलेल्या कडू पाण्यात राहून जातं. उरण-पेणचं मीठ असो की भाईंदर-वसईचं, आगरातून निघताना त्यात कामापुरतं आयोडीन नसतं. मासळीत असतं, मिठात नाही.

जाडं मीठ आयोडीन फवारूनही मिळतं आणि तिथे आणखी एक घोळ होतो. आयोडेट खड्याच्या फक्त पृष्ठभागावर बसलेलं असतं. कचकच नको म्हणून मीठ पाण्यातून काढून घेतलं की आधी तेच धुऊन जातं. शिवाय कच्च्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड राहिलेलं असतं, ते पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढतं, मीठ पाझरतं आणि आयोडीन त्या पाण्याबरोबर गोणीच्या तळाशी जातं. वरचं मीठ कोरडं आणि रिकामं, तळाचं ओलं आणि भारी. लोणच्याला, खारवलेल्या कैरीला, आंबोशीला, मासळी खारवायला बिनआयोडीनचं जाडं मीठ खुशाल वापरा. जतनासाठी असं मीठ तसं लेबल लावून विकायला कायद्यातही मुभा आहे. आयोडीनमुळे लोणचं नासतं हा मात्र गैरसमज. बारीक मिठाने खार गढूळ दिसतो तो गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेल्या पदार्थांमुळे.

पादेलोण चिमूटभरच लागतं, त्याचा हिशोब धरायची गरज नाही. कमी सोडियमच्या मिठात आयोडीन साध्या मिठाइतकंच असतं, फक्त सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

लोह आणि आयोडीन दोन्ही असलेलं दुहेरी पोषणयुक्त मीठ चांगलं आहे, पण चोखंदळ स्वयंपाकघरात टिकत नाही. किलोमागे ८५० ते १,१०० मिलिग्रॅम लोह असतं. लोह आणि आयोडेट एकमेकांना भिडले तर आयोडीन सुटून उडतं, म्हणून लोहाच्या कणांवर लेप दिलेला असतो. लेप निघाला की पांढऱ्या भातावर किंवा कांदेपोह्यांवर काळपट ठिपके उठतात. ती घाण नसते. रक्त कमी असलेल्या घरात हे मीठ आमटी-भाजीत वापरावं आणि पोह्यांसाठी साधं मीठ वेगळं ठेवावं.

आता ज्या मालाबद्दल खरोखर सावध राहायला हवं त्याच्याकडे येऊ: केल्पच्या गोळ्या आणि ल्युगॉल नावाच्या तीव्र आयोडीन द्रावणाचे थेंब. "थायरॉइड सपोर्ट" अशा नावाने या ऑनलाइन मिळतात. केल्प म्हणजे मोठं समुद्री शेवाळ. जपानी कोंबू जातीच्या एका ग्रॅममध्ये हजारांहून जास्त मायक्रोग्रॅम आयोडीन निघू शकतं, सुशीच्या नोरीत त्याच्या मानाने फारच थोडं. त्यामुळे गोळीवर छापलेला आकडा आणि आतला माल यांचा मेळ बसेलच असं नाही. ल्युगॉलच्या ५ टक्के द्रावणाच्या एका थेंबात साधारण ६ मिलिग्रॅम, म्हणजे ६,००० मायक्रोग्रॅमच्या वर आयोडीन असतं. चाळीस दिवसांची गरज एका थेंबात.

इतक्या आयोडीनने आधी होतं ते कॅन्सर नव्हे. थायरॉइड काही दिवस काम थांबवते; निरोगी ग्रंथी पुन्हा चालू होते, हाशिमोटो, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीनेच थायरॉइडला इजा करण्याचा आजार, असलेल्याची बंदच राहू शकते. जुन्या गाठी असलेल्या वयस्कर माणसात उलट होतं, ग्रंथी बेफाम चालते, छातीत धडधड होते आणि वजन उतरतं. कॅन्सरबद्दल पुरावा अर्धवट आहे. जपानमधल्या एका मोठ्या पाहणीत जवळजवळ रोज शेवाळ खाणाऱ्या आणि पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये पॅपिलरी कॅन्सर जास्त आढळला, पाळी चालू असलेल्यांत नाही. सगळे अभ्यास एकाच बाजूला झुकत नाहीत. पण लक्षात घ्या, ही चर्चा शेवाळाच्या प्रमाणातल्या आयोडीनची आहे. आपल्या मिठाच्या पुडीतून तिथवर कोणी पोचत नाही. गोळ्यांचा निकाल: घेऊ नका, आणि थायरॉइडच्या संप्रेरकाची, थायरॉक्सिनची, गोळी चालू असेल तर नक्कीच नको.

कॅन्सर आणि आयोडीन यांचा सर्वात पक्का दुवा दिसला तो चेर्नोबिलमध्ये. तिथल्या अणुवीजकेंद्रातल्या २६ एप्रिल १९८६ च्या स्फोटानंतर किरणोत्सारी आयोडीन-१३१ गवतावर पडलं, गाईच्या दुधात उतरलं आणि मुलांच्या थायरॉइडमध्ये जाऊन बसलं. आयोडीनला भुकेली ग्रंथी मिळेल ते आयोडीन उचलते, चांगलं की वाईट हे तिला कळत नाही. बेलारूस आणि रशियातल्या मुलांच्या अभ्यासात, तेवढ्याच किरणोत्सारावर, आयोडीन कमी असलेल्या भागांतला कॅन्सरचा धोका सुमारे तिप्पट निघाला. म्हणून अणुदुर्घटनेच्या वेळी ग्रंथी आधीच चांगल्या आयोडीनने भरून जावी यासाठी प्रौढांना १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइडची गोळी देतात, तीही सरकारने सांगितल्यावरच. मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर चीनमध्ये लोकांनी दुकानांतलं आयोडीनचं मीठ उचललं. त्या एका गोळीइतकं आयोडीन ३० पीपीएमच्या मिठातून घ्यायला तीन किलोच्या वर मीठ एका बैठकीत संपवावं लागेल.

मिठात आयोडीन आहे का ते घरी पाहायचं तपासणीचं किट छोटं असतं: द्रावणाची कुपी, पांढरी वाटी, रंगांचा तक्ता आणि पुनर्तपासणीचं द्रावण. वाटीत मीठ भरून सपाट करा, दोन थेंब टाका आणि मिनिटाच्या आत जांभळा-निळा रंग तक्त्याशी जुळवा. नंतर पाहिलात तर रंग बदललेला असतो. रंग आलाच नाही तर तेच मीठ पुन्हा वापरू नका. नवं मीठ घ्या, आधी पुनर्तपासणीचे थेंब, मग द्रावणाचे. कारण मीठ अल्कधर्मी असेल तर आयोडीन असूनही रंग येत नाही. किटचा भरवसा फक्त "आहे" किंवा "नाही" एवढ्यापुरता. तक्त्यावरच्या १५ आणि ३० या आकड्यांवर विसंबू नका आणि कुपीची मुदत पाहिल्याशिवाय विकत घेऊ नका. नेमका आकडा हवा तर प्रयोगशाळेत टायट्रेशनच, म्हणजे रंग जाईपर्यंत द्रावण थेंबाथेंबाने मोजून घालणं, लागतं: १० ग्रॅम मीठ ५० मिलिलिटर पाण्यात, त्यात सल्फ्युरिक आम्ल आणि १० टक्के पोटॅशियम आयोडाइड, दहा मिनिटं अंधारात, मग ०.००५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट. पिवळा रंग फिका झाल्यावरच स्टार्च घालतात, आधी घातला तर शेवट चुकतो. ब्युरेटचं, म्हणजे मोजनळीचं, वाचन गुणिले १०.५८ म्हणजे पीपीएम. नमुना पुडीच्या तोंडाचा न घेता सगळी पुडी हलवून मग घ्यावा.

घरी ठेवताना झाकण घट्ट बसणारी काचेची किंवा चिनी मातीची बरणी घ्या. शेगडीच्या शेजारी आणि खिडकीत ती नको. ओला चमचा आत जाऊ देऊ नका. पावसाळ्यात पाच किलोऐवजी एक किलोचीच पुडी आणा. भाजी-आमटीत मीठ शेवटी शेवटी घातलं तर आयोडीन जास्त टिकतं. उसळीचं पाणी फेकून देत असाल तर त्यात मीठ घालूच नका.

बिनआयोडीनच्या मिठाला थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये एक खरं काम आहे. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या थायरॉइडच्या पेशी मारायला काहींना किरणोत्सारी आयोडीन-१३१ चा डोस देतात. महाराष्ट्रातल्या रुग्णांना परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर यासाठी ठाऊक असतं. भाभा अणुसंशोधन केंद्राचं हे केंद्र १९६३ पासून आहे. डोस नीट उचलला जावा म्हणून त्याआधी एक ते दोन आठवडे दिवसाला ५० मायक्रोग्रॅमच्या आत आयोडीन ठेवायला सांगतात, म्हणजे चेर्नोबिलच्या मुलांची ती भूक इथे मुद्दाम तयार करायची. त्या दिवसांत शेंदेलोण घ्यावं, पण पुडीवर "आयोडाइज्ड" नाही ना ते वाचूनच. समुद्री मिठात आयोडीन थोडंच असलं तरी ते बहुतेक यादींत वर्ज्य असतं. मासळी आणि सुकट, बोंबील, जवळा पूर्ण बंद. दूध, दही, पनीर, अंड्याचा पिवळा बलक बंद. विकतचं लोणचं, पापड, फरसाण आणि हॉटेलचं जेवण बंद, कारण त्यात कुठलं मीठ पडलंय ते सांगता येत नाही. लाल रंगाच्या गोळ्या-सरबतांवर १२७ हा क्रमांक असेल तर तो एरिथ्रोसिन, त्यातही आयोडीन असतं. भात, घरची भाकरी, डाळ, ताज्या भाज्या, फळं आणि बिनमिठाचे शेंगदाणे चालतात.

सगळं काटेकोर पाळूनही डोस वाया जातो तो बहुधा जेवणाबाहेरच्या आयोडीनमुळे. घसा दुखला म्हणून पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्या, जखमेवर तेच मलम किंवा महिन्याभरापूर्वीचा रंगद्रव्य टोचून केलेला सीटी स्कॅन. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडेरोन चालू असेल तर २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि ते शरीरात कित्येक महिने राहतं. ती गोळी स्वतःच्या मनाने थांबवायची नाही. तारीख घेतानाच डॉक्टरांना सांगायची. डोस झाल्यावर नेहमीचं मीठ कधी सुरू करायचं तेही त्याच भेटीत कागदावर लिहून घ्या, नाहीतर शेंदेलोणाची ती पुडी वर्षभर तशीच चालू राहते.